मागचा एक्सल गेला तर बदला, वेल्ड मारू नका



कापूस फुटला की गावागावात सीतादही होते आणि सकाळी वेचणाऱ्या बायांच्या गाड्या निघतात. काटोल-नरखेडकडे याच दिवसांत आंबिया बहाराचा संत्रा तोडणीला येतो. पांधणीतला चिखल अजून पुरता वाळलेला नसतो. आणि नेमके याच दिवसांत जुन्या फोर-व्हील जीपांचे मागचे एक्सल जातात.

या महिन्यात आमच्या घरच्या जुन्या जीपचा मागचा एक्सल पूर्ण उतरवला आणि दुसरा बसवला. मागच्या चाकापाशी तेल गळत होतं, चाक हातानं हलत होतं. उघडून पाहिलं तं शाफ्टला चावीच्या खाचेपासून तडा गेलेला, आणि हाउसिंगही वाकलेलं. काम चालू असताना पाहायला जे जे आले त्यांनी दोनच सल्ले दिले. एक, "काहून एवढा खर्च करून राहिला भाऊ? वेल्ड मारून घे, चालते." दुसरा, "पंधरा वर्षं झाली ना गाडीले? भंगारात दे अन् मोकळा हो."

दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. दुसरा खिशाला महाग पडतो. पहिला जीव घेतो, आणि तोही बहुतेक वेळा मालकाचा नाही, मागं बसलेल्यांचा. म्हणून आज थोडं स्पष्ट लिहितो. राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

बंडीचा आख आणि जीपचा शाफ्ट एक नाही

आपल्याला वेल्ड मारायची सवय लागली ती उगाच नाही. वखर, डवरा, कल्टिव्हेटरची फ्रेम, ट्रॉलीचा हूक, सगळं आपण वेल्ड मारूनच चालवतो, आणि चालतं. बंडीचा लोखंडी आख वाकला-तडकला तर खाती सरळ करून द्यायचा. ट्रॉलीच्या आखालाही लोक वेल्ड मारतात. मग जीपचं काय वेगळं, असं वाटतं.

वेगळं हे आहे. बंडीचा आख फिरत नाही, चाक फिरतं. आख नुसता वजन झेलत एका जागी बसलेला असतो. जीपच्या मागच्या एक्सलमधला हाफ शाफ्ट मात्र स्वतः फिरतो. इंजिनची सगळी ताकद त्याच्यातून पिळून चाकाला जाते. लो गिअर टाकला की ट्रान्सफर केसमध्ये ती ताकद सुमारे अडीच पट होते, डिफ्रन्शिअलमध्ये अजून पाच पटीच्या आसपास. गिअरबॉक्सचा पहिला गिअर वेगळाच. चिखलात गरगर फिरणारं चाक अचानक दगडाला पकडतं तेव्हा तो सगळा झटका या दंडगोल लोखंडावर येतो.

जुन्या विलीज ठेवणीच्या बऱ्याच जीपांमध्ये शाफ्टला अजून एक काम आहे. चाकाचा हब शाफ्टच्या टोकावरच बसवलेला असतो. याला सेमी-फ्लोटिंग म्हणतात. म्हणजे ताकद देणं आणि गाडीचं वजन पेलणं, दोन्ही कामं एकच शाफ्ट करतो. ट्रकसारखा फुल-फ्लोटिंग एक्सल असेल तर चाक हाउसिंगवर बेअरिंगनं धरलेलं असतं. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं, गाडी फक्त ओढत नाही. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर तुटला की चाक शाफ्टाच्या तुकड्यासकट बाहेर. आपल्या गाडीत कोणता आहे ते चाकाकडे पाहून कळतं. हबच्या मधोमध बोल्ट मारलेली शाफ्टची चकती दिसली तर फुल-फ्लोटिंग. मधोमध एकच मोठी नट आणि स्प्लिट पिन असेल तर सेमी-फ्लोटिंग.

आता हिशेब करा. जीपच्या सोळा इंची टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका किलोमीटरला चाक सुमारे ४४० वेळा फिरतं. सेमी-फ्लोटिंग शाफ्ट प्रत्येक फेरीत एकदा वर आणि एकदा खाली वाकतो. डोळ्याला दिसत नाही, पण वाकतो. रोज जाऊन-येऊन ३० किलोमीटर धरले तर १३,२०० वेळा. वेचणीच्या ६० दिवसांत आठ लाखांच्या जवळ. कुंपणाची तार आपण कशी तोडतो? जोर लावून नाही, इकडे-तिकडे वाकवून. शाफ्टचंही तसंच होतं. तुटलेला शाफ्ट कधी उजेडात धरून पाहा. एका कोपऱ्यातून सुरू झालेल्या, खोडातल्या वळ्यांसारख्या रेषा दिसतात, आणि उरलेला थोडा भाग खडबडीत, ताजा. तो रेषांचा भाग महिनोनमहिने हळूहळू तुटत होता. खडबडीत भाग शेवटच्या दिवशी तुटला. "काल तं चांगली होती" हे खरं नसतं.

हे काही नवं ज्ञान नाही. ८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आख तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली. डब्यांना बाहेरून कुलूप होतं. पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यानंतर इंजिनिअर लोक आखांच्या मागं लागले. जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी रेल्वेच्या आखांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवून दिलं, की एका झटक्यात तोडायला जेवढं वजन लागतं त्याच्या कितीतरी कमी वजनानं, पण पुन्हा पुन्हा, लोखंड तुटतं. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं जगाला माहीत असलेली गोष्ट आपण अजून "चालते ना भाऊ" म्हणून उडवून लावतो.

वेल्डनं नेमकं काय होतं

हाफ शाफ्ट साध्या सळाकीच्या लोखंडाचा नसतो. मध्यम कार्बनचं मिश्र पोलाद, ठोकून घडवलेलं, मग उष्णता देऊन कडक केलेलं. वरून कडक, आतून चिवट, म्हणून तो पिळ सहन करतो. त्याच्यावर आर्क वेल्डिंग केलं की जोडाच्या बाजूची पट्टी लालबुंद होते आणि आजूबाजूचं थंड लोखंड तिची उष्णता लगेच ओढून घेतं. ती पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. तिच्या पलीकडची पट्टी आपला कडकपणा गमावून मऊ पडते. मध्ये साध्या रॉडचा भराव. जिथं एकसारखा चिवट शाफ्ट होता तिथं आता ठिसूळ, मऊ आणि भराव असे तीन तुकडे शेजारी-शेजारी आले. वरून तो जोड लेथवर कितीही गुळगुळीत करा, आतलं बदलत नाही.

इथं वेल्डरच्या हाताला मी नाव ठेवत नाही. आपल्या नागपूर जिल्ह्यात असे कारागीर आहेत की जे मोडलेल्या नांगरातून नवा नांगर काढतात. पण हे काम हाताच्या कौशल्याचं नाहीच. रस्त्याकडेच्या दुकानात या लोखंडाला पहिल्यासारखं करणारी भट्टी नसते. चांगला कारागीर तोच जो म्हणतो, "हे मी करणार नाही, नवा आणा." त्याला कंजूस गिऱ्हाईक नको असतं म्हणून नाही. त्याला माहीत असतं म्हणून.

"अमक्याची तीन वर्षं झाली, वेल्डवरच चालू आहे"

हे वाक्य प्रत्येक पारावर ऐकू येतं. चालली असेल. रिकामी, डांबरी रस्त्यानं, फुल-फ्लोटिंग एक्सलची गाडी असेल तर चाललीही असेल. पण ज्यांची चालली नाही ते पारावर येऊन सांगत नाहीत. आणि आपली जीप रिकामी कधी असते? पुढं तिघं, मागं दहा-बारा बाया, वरून कापसाची गाठोडी. पांधणीत एक चाक नाल्यात, एक धुऱ्यावर.

तुटल्यावर काय होतं तेही ऐका. सेमी-फ्लोटिंग गाडीचं चाक गेलं की त्याच्याबरोबर ब्रेकचा ड्रमही जातो. ड्रायव्हर घाबरून ब्रेक दाबतो, त्या चाकाच्या सिलिंडरमधून तेल सांडतं, आणि एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर असलेल्या जुन्या गाडीत चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणजे एका शाफ्टामागं चाकही गेलं आणि ब्रेकही.

शाफ्ट आतल्या बाजूनं तुटला, चाक जागेवर राहिलं, तरी धोका संपत नाही. अनेक जुन्या जीपांमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागं प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचा एक हाफ शाफ्ट तुटला की टू-व्हीलमध्ये हँडब्रेक ओढला काय आणि गिअरमध्ये टाकून उभी केली काय, गाडी उतारावर घरंगळते. डिफ्रन्शिअल सगळा जोर तुटलेल्या बाजूला सोडून देतं. विहिरीच्या काठावर, कॅनॉलच्या पाळीवर उभी केलेली गाडी "आपोआप गेली" असं म्हणतात, तेव्हा हेही एक कारण असू शकतं. एक्सलवर शंका असेल तर चाकाखाली दगड नाही, लाकडाचा ठोकळा लावा, दोन्ही बाजूंनी.

वाचलेला पैसा कोणाचा, धोका कोणाचा

माझा खरा वाद इथं आहे. वेल्डला काहीशे रुपये लागतात, चांगल्या शाफ्टला काही हजार, पूर्ण एक्सल बदलला तर त्याहून जास्त. हे जे पैसे वाचतात ते गाडीमालकाच्या खिशात राहतात. धोका मात्र मागं बसलेली बाई घेते. तिला कोणी विचारलेलंच नसतं. तिला माहीतही नसतं की आपण जिच्यावर बसलो त्या चाकाचा शाफ्ट मागच्या आठवड्यात जोडलेला आहे. तिची रोजी किलोमागं मोजली जाते, जिवाचा भाव कशातच धरलेला नाही.

अपघात झाल्यावर आपण काय म्हणतो? "नशीब." नशीब नाही भाऊ. तडा दिसला होता, माहीत होतं, वेल्ड मारली होती. त्याला निर्णय म्हणतात. आणि खासगी पासिंगच्या गाडीत भाड्यानं मजूर नेताना विमा कामी येईल असंही गृहीत धरू नका. विमा कंपनी पहिल्यांदा पासिंगच पाहते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकतो, कारण वर्षभर त्यानं ओझं ओढलं. ज्या एक्सलनं वर्षभर ओझं ओढलं त्याचं तेल कोणत्या साली बदललं, ते मात्र बहुतेकांना सांगता येत नाही.

"मग भंगारातच देतो"

आता दुसरा सल्ला. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, असा गैरसमज गावोगाव पसरला आहे. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद, हे आदेश दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरचे. नागपूरचे नाहीत. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ मध्ये १०,००० झाली. महाग आहे, मान्य. पण बंदी नाही.

आणि भंगारात देऊन घेणार काय? आज नवी फोर-व्हील गाडी दहा लाखांच्या वर जाते आणि तिचा अर्धा दिखावा शहरातल्या हौशी लोकांसाठी असतो. आपल्या जुन्या जीपची मुळं दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये आहेत. महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत ती जोडायला सुरुवात केली, आणि त्याच घराण्यातल्या गाड्या पुढं कितीतरी दशकं निघत राहिल्या. पाना, हातोडी आणि जॅक घेऊन शेताच्या धुऱ्यावर उघडता येते अशी ही गाडी आहे. इंजिन, गिअरबॉक्स, चेसिस चांगलं असताना एका एक्सलपायी ती भंगारात देणं म्हणजे एका खुराला लागलं म्हणून बैल कसायाला देणं. चेसिस गंजून कुजलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथं मीही म्हणेन, सोडा.

बदलायचा तर नीट बदला

१. क्राऊन-पिनियनचे दात मोजा. ही सगळ्यात मोठी चूक होते. भंगारातून "जीपचाच आहे" म्हणून एक्सल आणतात आणि पुढच्याशी गुणोत्तर जुळत नाही. ४३ आणि ८ दातांचा असेल तर ५.३७५, ३९ आणि ८ चा असेल तर ४.८७५. फरक दहा टक्क्यांचा. या गाड्यांत मध्ये डिफ्रन्शिअल नसतं, फोर-व्हील टाकली की पुढचं-मागचं एकमेकांना बांधलं जातं. गुणोत्तर वेगळं असेल तर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस फुटते. उघडता येत नसेल तर दोन्ही चाकं सोबत एक फेरी फिरवा आणि पिनियनची फ्लँज किती वेळा फिरली ते खडूची खूण करून मोजा.

२. रुंदी, कमानपट्ट्यांच्या बैठकीतलं अंतर, ब्रेक ड्रम आणि प्रोपेलर शाफ्टची फ्लँज जुन्याशी जुळवून मगच पैसे द्या.

३. फक्त शाफ्ट गेला असेल आणि हाउसिंग सरळ असेल तर पूर्ण एक्सल बदलायची गरज नाही. पण हाउसिंग तपासा. मागच्या दोन्ही चाकांमधलं अंतर पुढच्या कडेला, मागच्या कडेला आणि खाली टेपनं मोजा. रिम सरळ असून अंतरात फरक येत असेल तर हाउसिंग वाकलेलं आहे. वाकलेल्या हाउसिंगमध्ये नवा शाफ्टही तसाच तुटणार.

४. एक शाफ्ट तुटला तर दुसराही काढून पाहा. दोघांनी सारखंच ओझं ओढलं आहे. स्प्लाइनचे दात पिळलेले दिसले, चावीच्या खाचेपाशी केसाएवढी रेघ दिसली, की तोही गेला समजा.

५. काम करताना गाडी लोखंडी घोडीवर किंवा जाड लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवर नाही, विटांवर तं मुळीच नाही. पुढच्या चाकांना ठोकळे. प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी फ्लँजवर खूण करा.

६. बेअरिंग आणि ऑइल सील नवीन टाका. हबचा निमुळता भाग कोरडा, स्वच्छ बसवा, तिथं ग्रीस लावू नका. चावी नवीन, नट पुस्तकात दिल्याएवढी घट्ट, स्प्लिट पिन नवीन. शाफ्टची आत-बाहेरची ढिलाई शिमनं बसवायची असते. "अंदाजानं" म्हणणारा मिस्त्री असेल तर दुसरा शोधा.

७. हाउसिंगवरचा श्वास घ्यायचा छोटा व्हॉल्व्ह साफ करा. तो मातीनं बुजला की गरम तेल सीलमधून ब्रेकमध्ये उतरतं. तेल हायपॉइड गिअरचं, ९० नंबरचं. पऱ्ह्यातून, नाल्यातून गाडी गेली असेल तर तेल उघडून पाहा. ताकासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी आहे.

८. ब्रेकची हवा काढा. शंभर किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळा.

नकली मालाबद्दल एक शब्द. वाडीपासून कामठी रोडपर्यंत स्वस्त शाफ्ट मिळतात. छापील डबा पाहून लोखंड कळत नाही. बिल देणारा दुकानदार, तुटला तर तोंड दाखवणारा दुकानदार, त्याच्याकडूनच घ्या. जुना असली शाफ्ट, तडा नाही ना हे तपासून घेतलेला, नव्या नकलीपेक्षा बरा.

आणि सुटे भाग मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे. ती फक्त दुकानदाराकडे करून उपयोग नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. त्यात शेतीची अवजारं आणि गाड्या दोन्ही धरल्या होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. पण आपल्याला अजून हवा आहे तो साधा नियम: गाडी बनणं बंद झालं तरी ठरावीक वर्षं तिचे जीवावरचे भाग, म्हणजे एक्सल, ब्रेक, स्टिअरिंग, हे बिलासकट मिळालेच पाहिजेत. हिंगणा एमआयडीसीत ट्रॅक्टर बनतात. त्या शहराच्या शेतकऱ्यानं एका शाफ्टासाठी भंगारात हात घालत फिरावं, हे बरोबर नाही. शेतकरी संघटनांनी कापसाच्या भावाबरोबर हेही मागावं.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. गाडीवाल्या भावांनो, वेचणीच्या गाडीत बाया बसवण्याआधी मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून हलवून पाहा, चाकाच्या आत तेल उतरलं का ते पाहा. मिस्त्री भावांनो, शाफ्टला वेल्ड मारायला नाही म्हणा. गिऱ्हाईक रागावेल, रागावू द्या. आणि वेचायला जाणाऱ्या माय-बहिणींनो, गाडी जुनी असेल तर बसण्याआधी विचारा, "भाऊ, एक्सल वेल्डचा तं नाही ना?" विचारणं तुमचा हक्क आहे, आणि ज्याचं काम चोख असेल त्याला राग यायचं कारण नाही.

माहिती कामाची वाटली तर आपल्या गावातल्या गाडीवाल्यांपर्यंत पोहोचवा. तुमच्या गाडीच्या एक्सलबद्दल काही विचारायचं असेल तर चाकाचा आणि हाउसिंगचा फोटो टाका, जमेल तेवढं सांगतो.